कानातले थेंब आणि कानातला नाद

मंडळी, जून महिना लागला की आपल्या घरांतून तीन गोष्टी एकदम सुरू होतात. मुलांच्या शाळांना सुट्टी लागते, भारतातून आजी-आजोबा येतात आणि लहानथोर सगळे पोहण्याच्या तलावात उतरतात. त्यांच्या पाठोपाठ चौथी गोष्ट येते, ती म्हणजे कानदुखी. डॉक्टर कानात बघतात, प्रतिजैविकाचे म्हणजे अँटिबायोटिकचे थेंब लिहून देतात आणि आपण औषधाच्या दुकानातून बाटली घेऊन घरी येतो. बाटलीसोबतचा बारीक अक्षरांतला कागद बहुतेक जण टाकून देतात. ज्यांच्या कानात आधीच आवाज येतो, ते मात्र तो कागद वाचतात आणि घाबरतात.

अशा मंडळींसाठी हा लेख आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण माझ्या डाव्या कानात गेली सहा वर्षे एक बारीक शिट्टी अखंड वाजते आहे. वैद्यकात याला टिनिटस म्हणतात, आपण कर्णनाद म्हणू. त्यामुळे कानात काहीही घालायचे झाले की मी आधी चौकशी करतो. त्या चौकशीतून जे हाती आले ते येथे मांडतो आहे. डॉक्टरांऐवजी हा लेख वापरावा असे मुळीच नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके काय विचारायचे, एवढे कळले तरी पुरे.

आधी कानाची रचना

कानाचे तीन भाग असतात. बाहेरची नळी, तिच्या टोकाला पडदा. पडद्याच्या पलीकडे मधला कान, म्हणजे हवेने भरलेली छोटीशी खोली. तिच्याही पलीकडे आतला कान. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो आणि त्याच्या शेजारी शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. शंखात सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाचे रूपांतर मेंदूला समजणाऱ्या संदेशात होते ते त्यांच्यामुळे. माणसात या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर या माहितीचा बॅकअप नाही.

मधल्या आणि आतल्या कानाच्या भिंतीत ‘गोल खिडकी’ नावाची एक जागा आहे. तिच्यावर पातळ पापुद्रा असतो आणि काही औषधे त्यातून झिरपून आत जातात. याचा डॉक्टरांनी उपयोगही करून घेतला आहे. मेनिएरच्या आजारात काही रुग्णांना भोवळीचे फार तीव्र झटके येतात. त्यांच्या मधल्या कानात जेंटामायसिन मुद्दाम टोचतात, ते तोलाच्या पेशी निकामी करण्यासाठीच. म्हणजे मधल्या कानात पोचलेले औषध आतल्या कानापर्यंत जाते, ही नुसती कागदावरची शंका नाही.

यावरून आपला मुख्य मुद्दा निघतो. थेंब सुरक्षित आहेत की नाहीत हे केवळ औषधाच्या नावावर ठरत नाही. पडदा शाबूत आहे का, हा पहिला प्रश्न. पडदा धड असेल तर थेंब बाहेरच्या नळीतच राहतात. पडद्याला भोक असेल किंवा मुलांच्या कानात बसवतात तशी छोटी नळी, म्हणजे इअर ट्यूब, असेल तर तेच थेंब मधल्या कानात उतरतात.

कोणत्या औषधांची काळजी करावी?

अमिनोग्लायकोसाइड नावाच्या गटाची. निओमायसिन, जेंटामायसिन, टोब्रामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन हे सगळे या एकाच कुटुंबातले. आपल्या आधीच्या पिढीत ज्यांना क्षय झाला, त्यांच्यापैकी अनेकांनी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतलेली आहेत. ‘इंजेक्शनं सुरू झाली आणि चक्कर यायला लागली’ किंवा ‘तेव्हापासून ऐकू कमी येतं’, असे घरात कोणीतरी सांगितलेले आठवत असेल. ते खरे असू शकते. स्ट्रेप्टोमायसिन आणि जेंटामायसिनचा रोख तोलाच्या यंत्रणेवर जास्त असतो, तर निओमायसिनचा ऐकण्याच्या पेशींवर.

अमेरिकेत बाहेरच्या कानाच्या संसर्गासाठी निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि हायड्रोकॉर्टिझोन हे मिश्रण अनेक दशके वापरात आहे. स्वस्त आहे आणि गुणही देते. पडदा शाबूत असलेल्या असंख्य लोकांनी ते घेतले आणि त्यांच्या कानांना काही झाले नाही. पण त्याच्याच माहितीपत्रकात निओमायसिनमुळे कायमचा बहिरेपणा येऊ शकतो असा इशारा छापलेला असतो, आणि सलग दहा दिवसांहून जास्त वापरू नये असेही सांगितलेले असते. शिवाय काही लोकांना निओमायसिनची त्वचेवर अ‍ॅलर्जी येते. मग थेंब घालूनही कान लाल होत जातो, खाज वाढते आणि संसर्ग हटत नाही असा समज होतो.

येथे एक कौटुंबिक गोष्ट नोंदवून ठेवावी. पेशींतल्या मायटोकाँड्रियाच्या जनुकांमधला एक विशिष्ट बदल १९९३ मध्ये शोधला गेला. तो ज्यांच्यात असतो त्यांना या गटातल्या औषधांच्या नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपणा येऊ शकतो. हा बदल फक्त आईकडून येतो. आजीकडून आई, मामा, मावशी यांच्याकडे आणि आईकडून आपल्याकडे. मामाला असला तरी मामाच्या मुलांकडे तो जात नाही. आजोळच्या बाजूला कोणाला इंजेक्शनानंतर बहिरेपणा आला असेल, तर ही माहिती डॉक्टरांना जरूर द्यावी. यात मोठा धोका इंजेक्शनांचा असतो, पण थेंब निवडतानाही दुसरा पर्याय हाताशी असेल तर जोखीम कशाला घ्या?

अँटिबायोटिक नसलेल्या काही द्रवांबाबतही हेच लागू आहे. अल्कोहोल, व्हिनेगारमधले अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि क्लोरहेक्झिडीनसारखी जंतुनाशके पडद्याला भोक असताना कानात जाता कामा नयेत. पोहून आल्यावर कान सुकवण्यासाठी दुकानात मिळणारे थेंब बहुधा अल्कोहोलचे असतात.

मग सुरक्षित पर्याय कोणता?

डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ऑफ्लॉक्सॅसिनच्या कानाच्या थेंबांना मान्यता दिली. पडद्याला भोक असताना किंवा कानात ट्यूब असतानाही वापरता येतील असे मान्यताप्राप्त थेंब तेव्हा प्रथमच मिळाले. त्यानंतर २००३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डेक्सामेथासोन यांचे मिश्रण आले, सिप्रोडेक्स या नावाचे. ही औषधे क्विनोलोन गटातली. केसपेशींना मारण्याचा दोष त्यांच्यात आढळलेला नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: पडदा शाबूत नसेल, किंवा तशी शंका असेल, तर आतल्या कानाला घातक नसलेलेच थेंब द्यावेत.

मात्र नावात ‘सिप्रो’ आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये. सिप्रो एचसी हे नावाने जवळचे पण वेगळे औषध आहे. ते निर्जंतुक नसते आणि पडद्याला भोक असताना वापरायचे नसते. बाटलीवरचे पूर्ण नाव वाचावे.

क्विनोलोनच्या गोळ्यांबद्दल, म्हणजे स्नायूंच्या दोरीसारख्या बंधांना, टेंडनना, होणाऱ्या इजेबद्दल बऱ्याच जणांनी वाचलेले असते. पोटात घेतलेले औषध सर्व शरीरात फिरते, थेंबांतले फारच थोडे रक्तात उतरते. तरी हे थेंब पूर्ण निर्दोष आहेत असेही नाही. लहान मुलांना ट्यूब बसवल्यानंतर हे थेंब दिले तर पडद्याचे भोक उरण्याचे प्रमाण काहीसे जास्त दिसते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. सांगितले तितकेच दिवस वापरावेत, हा त्यातला धडा.

मग गुण कमी येतो का? तर नाही. २०१० मध्ये कॉक्रेन या संस्थेने बाहेरच्या कानाच्या संसर्गावरील चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. निरनिराळ्या अँटिबायोटिक थेंबांमध्ये बरे होण्याच्या दृष्टीने फारसा फरक दिसला नाही. दोन उपाय सारखेच गुणकारी असतील आणि एकातला तोटा कधीच भरून येणारा नसेल, तर निवड सोपी होते.

पडदा शाबूत आहे हे कसे कळावे?

खात्री डॉक्टरच दुर्बिणीतून बघून करू शकतात. पण नळी सुजली असेल किंवा मळ आणि पू भरला असेल तर त्यांनाही पडदा दिसत नाही. म्हणून ‘पडदा दिसला का?’ हे स्पष्ट विचारावे. ‘दिसला आणि चांगला आहे’ हे एक उत्तर, आणि ‘दिसला नाही’ हे दुसरे. दुसऱ्या उत्तराला भोक असल्यासारखेच समजून औषध निवडणे शहाणपणाचे.

पुढील गोष्टी आपल्याकडून डॉक्टरांना सांगायच्या:

• लहानपणी कान फुटत असे, वाहत असे.
• कानाचे ऑपरेशन झाले आहे किंवा ट्यूब बसवली होती.
• कानात आधी खूप दुखत होते, मग एकदम पाणी किंवा पू आला आणि दुखणे थांबले.
• पूर्वी थेंब घातल्यावर त्यांची चव घशात लागली होती.
• नाक दाबून फुंकले की कानातून हवा येते. (हे पूर्वी जाणवले असेल तर सांगावे, मुद्दाम करून बघू नये.)

कानाची पाळी ओढली किंवा कानापुढचा छोटा उंचवटा दाबला की कळ येत असेल, तर दुखणे बहुधा बाहेरच्या नळीचे असते. मधल्या कानाचे दुखणे मुलांना सर्दीपाठोपाठ होते. त्यात पडदा शाबूत असेल तर थेंबांचा काही उपयोग नाही, कारण जो पडदा औषधाला आतल्या कानापासून दूर ठेवतो तोच त्याला संसर्गापर्यंतही पोचू देत नाही. तेथे लागलेच तर पोटात घेण्याचे औषध लागते.

कानात आधीच आवाज येत असेल तर?

गेल्या जुलैमध्ये पोहून आल्यावर माझा तोच डावा कान सुजला. एका तातडीच्या दवाखान्यात निओमायसिनचे मिश्रण लिहून मिळाले. नळी इतकी सुजली होती की पडदा दिसला नव्हता. मी दुकानातूनच फोन करून सांगितले की मला या कानात टिनिटस आहे, पडदा दिसलेला नाही, ऑफ्लॉक्सॅसिन चालेल का? डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत चिठ्ठी बदलून दिली. विचारले म्हणून कोणी रागावले नाही.

पण त्या आठवड्यात शिट्टी दुप्पट झाली होती, हेही सांगायला हवे. ती थेंबांनी वाढलेली नव्हती, थेंब घालण्याच्या आधीच वाढलेली होती. कानात दडा बसला की बाहेरचे आवाज कमी होतात आणि आतला आवाज मोठा वाटतो. रात्री घरातला टीव्ही बंद केल्यावर घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तसेच हे. सूज उतरली, साचलेले निघाले की बहुधा आवाजही पूर्वपदावर येतो. माझा दहाव्या दिवशी आला.

म्हणून टिनिटसच्या भीतीने उपचारच टाळणे योग्य नव्हे. संसर्ग तसाच राहिला तर सूज, दडा आणि आवाज तिन्ही लांबतात. थेंबांच्या भीतीने पोटात गोळ्या मागून घेणे हेही बरोबर नाही. गोळी घेतल्यावर रक्तात औषधाचे प्रमाण मिलीलिटरला काही मायक्रोग्रॅम असते, तर ०.३ टक्क्यांच्या थेंबांत ते मिलीलिटरला ३,००० मायक्रोग्रॅम असते, आणि तेही नेमके दुखऱ्या जागी. साध्या बाहेरच्या संसर्गात म्हणूनच तज्ज्ञ गोळ्या देत नाहीत. दुखण्यासाठी ॲस्पिरिन मात्र टाळलेले बरे. मोठ्या मात्रेत ते स्वतःच कानात आवाज आणते.

भारतातून आलेली बाटली आणि घरचे उपाय

आजी-आजोबांच्या बॅगेत एखादी कानाच्या थेंबांची बाटली हमखास निघते. ‘तिथल्या डॉक्टरांनी दिली होती, लगेच गुण येतो.’ भारतात मिळणाऱ्या अशा बाटल्यांत अनेकदा तीन-चार औषधे एकत्र असतात: एखादे अँटिबायोटिक, बुरशीवरचे औषध, स्टिरॉइड आणि बधिर करणारे लिग्नोकेन. त्यातले अँटिबायोटिक निओमायसिन किंवा जेंटामायसिन आहे का ते बघावे. ज्या वडीलधाऱ्यांचा कान वर्षानुवर्षे अधूनमधून वाहतो त्यांच्या पडद्याला भोक असण्याची शक्यता बरीच असते, आणि नेमके तेच ही बाटली वापरत असतात. बाटली टाकून द्या असे सासूबाईंना सांगणे सोपे नाही हे मी जाणतो, पण घटकांची यादी डॉक्टरांना दाखवायला हरकत नाही.

कोमट तेलाचे, लसणीच्या तेलाचेही तसेच. प्रेमाने घातलेले असले तरी सुजलेल्या किंवा वाहणाऱ्या कानात तेल घालू नये. त्याने संसर्ग बरा होत नाही आणि डॉक्टरांना पडदा दिसेनासा होतो. कानकोरणे, केसांची पिन आणि कापसाची काडी यांनाही सुट्टी द्यावी.

खर्चाचे काय?

हे आपले आरोग्य आणि अर्थ असे दुहेरी पान असल्याने थोडे पैशांविषयी. सिप्रोडेक्सच्या साडेसात मिलीलिटरच्या बाटलीला एके काळी विम्याशिवाय दोनशे डॉलरहून अधिक मोजावे लागत. २०२० मध्ये त्याचे जेनेरिक बाजारात आले. तरीही विमा कंपनीच्या यादीत ते महागड्या पायरीवर असू शकते, किंवा आधी परवानगी मागितली जाते. अशा वेळी निओमायसिनवर समाधान मानण्याआधी ऑफ्लॉक्सॅसिनबद्दल विचारावे.

आणखी एक व्यवहारी गोष्ट. ऑफ्लॉक्सॅसिनचे डोळ्यांचे थेंबही ०.३ टक्क्यांचेच असतात आणि पुष्कळदा स्वस्त पडतात. अनेक डॉक्टर तेच कानासाठी लिहून देतात. डोळ्यांचे थेंब निर्जंतुक असल्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून कानात चालतात. कानाचे थेंब डोळ्यात मात्र कधीही घालू नयेत. डोळ्यांच्या थेंबांत टोब्रामायसिन आणि जेंटामायसिनही असतात, तेव्हा बदल करताना नाव पुन्हा वाचावे. चिठ्ठीवर घेतलेल्या थेंबांचे पैसे एचएसए किंवा एफएसए खात्यातून देता येतात. पाहुण्या आई-वडिलांच्या प्रवासी विम्यातून जुने आजार बहुधा वगळलेले असतात. वाहता कान त्यात मोडतो का, हे पॉलिसी घेतानाच विचारून ठेवावे.

थेंब घालण्याची रीत

१. हात धुवावेत. बाटली मुठीत एक-दोन मिनिटे धरून कोमट करावी. गार थेंब कानात गेले की गरगरते, आणि ते औषधाच्या विषारीपणामुळे झाले असे वाटून माणूस घाबरतो.
२. बाटलीवर ‘हलवा’ असे लिहिले असेल तर चांगली हलवावी.
३. कुशीवर निजावे. मोठ्यांचा कान वर आणि मागे ओढावा. बाटलीचे टोक कानाला लावू नये.
४. थेंब घातल्यावर कानापुढचा उंचवटा चार-पाच वेळा हलके दाबावा आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे.
५. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस थेंब घालावेत, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. उरलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नये आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला देऊ नये.
६. कान कोरडा ठेवावा. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेर लावावा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोहणे बंद.

नळी फार सुजली असेल तर थेंब आत पोचतच नाहीत. मग डॉक्टर आत स्पंजाची एक छोटी वात ठेवतात किंवा कान साफ करून देतात. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर औषध बदलण्याआधी कान पुन्हा दाखवावा.

धावत कधी जावे?

एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘दडा बसला असेल’ म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे. अचानक आलेल्या बहिरेपणावर स्टिरॉइड द्यायचे असते आणि ते पहिल्या काही दिवसांत दिले तरच खरा उपयोग होतो. थेंब सुरू केल्यावर ऐकू येणे कमी झाले, सतत भोवळ येऊ लागली किंवा नवा आवाज सुरू झाला, तर लगेच फोन करावा. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तर थेट इमर्जन्सीत.

मधुमेह असलेल्यांनी, विशेषतः वयस्कर मंडळींनी, कानदुखी अंगावर काढू नये. त्यांच्यात हा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत उतरू शकतो. रात्री झोप उडवणारी तीव्र कळ हे त्याचे लक्षण. अशांच्या कानात घरी पाणी मारून मळ काढण्याचाही प्रयत्न करू नये.

शेवटी, डॉक्टरांना विचारण्याचे चार प्रश्न कापून फ्रिजवर लावावेत असे देतो:

• पडदा दिसला का, आणि शाबूत आहे का?
• या थेंबांत निओमायसिन, जेंटामायसिन किंवा टोब्रामायसिन आहे का?
• मला (किंवा आईला, बाबांना) कानात आवाज येतो. ऑफ्लॉक्सॅसिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन-डेक्सामेथासोन चालेल का?
• किती थेंब, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस?

यंदाच्या उन्हाळ्यात मुले तलावातून बाहेर आली की मान एका बाजूला कलती करून कानातले पाणी काढायला शिकवा आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरचा कान कोरडा करा. एवढ्यानेही बऱ्याच चिठ्ठ्या वाचतील. उन्हाळा सगळ्यांना सुखाचा जावो. कळावे, लोभ असावा.